एका जाजमावरचा तिळगूळ

महाराष्ट्रातील घरगुती सणांमध्ये मकरसंक्रांतीचे स्थान वेगळे आहे, कारण या सणाला देऊळ, मूर्ती किंवा पुरोहित यांची गरज फारशी भासत नाही आणि त्याचा सारा आचार एका घरातून दुसऱ्या घरी काहीतरी देण्याभोवती उभा आहे. संक्रांत म्हणजे सूर्याचे एका राशीतून पुढच्या राशीत जाणे. वर्षातून बारा वेळा घडणाऱ्या या संक्रमणांपैकी पौष महिन्याच्या सुमारास येणारे मकर राशीतील संक्रमण लोकाचारात मुख्य ठरले. आदल्या दिवशी भोगी, मग संक्रांत, दुसऱ्या दिवशी किंक्रांत किंवा करिदिन, आणि त्यानंतर माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, चालणारे स्त्रियांचे हळदीकुंकू असा या सणाचा विस्तार आहे.

संक्रांतीची तारीख कायम १४ जानेवारीच होती असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. पंचांगातील नाक्षत्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे असल्यामुळे संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीला झाला, तेव्हा ती १२ जानेवारीला होती. या हिशेबाने त्याआधी शंभर वर्षे ती आणखी एक-दीड दिवस अलीकडे असणार, आणि म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी झालेले पानिपतचे युद्ध संक्रांतीच्याच दिवशी झाले ही सर्वदूर पसरलेली समजूत गणिताला धरून नाही. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार आणि पानिपतचे दुःख मराठी मनात एकमेकांना इतके चिकटले आहेत की त्या भावनेचा आदर करूनही तारखेचा खुलासा करणे आवश्यक वाटते.

सणाचे साहित्य पाहिले तर त्याची मुळे शेतात आहेत हे लगेच ध्यानात येते. पावटा, घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे ओले दाणे आणि तीळ घालून केलेली भोगीची भाजी व तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे त्या आठवड्यात शिवारात जे तयार असते त्याचेच पान आहे. सुगड म्हणजे कुंभाराने घडविलेले लहान मडके. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरून ते पूजले जाते व मग वाण म्हणून दिले जाते. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक असल्यामुळे गावगाड्यात ही सुगडी घरोघर पोचविणे हा त्याच्या कामाचाच भाग होता आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. स्निग्ध तीळ आणि उष्ण गूळ ही जोडी थंडीला साजेशी आहे, तसेच उष्णता शोषणारा काळा रंग, जो इतर मंगलप्रसंगी टाळला जातो, तो याच सणाला चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, नेसून मिरविला जातो.

तिळगुळाहून हलव्याचा इतिहास निराळा आहे. हलवा म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा किंवा लवंग यांच्यावर साखरेच्या पातळ पाकाचे थरावर थर चढवून केलेले काटेरी दाणे. शेगडीतल्या मंद निखाऱ्यांवर परात ठेवायची, चमचाभर पाक घालायचा, दाणे बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवीत राहायचे, पाक सुकला की पुन्हा चमचाभर घालायचा, असे काम कित्येक दिवस चाले आणि काटा उठणे न उठणे हे पाकाच्या पातळपणावर, आचेवर आणि हाताच्या सवयीवर अवलंबून असे. याच हलव्याचे दाणे दोऱ्यात गुंफून नव्या सुनेसाठी बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा असे दागिने आणि बोरन्हाणासाठी लहान मुलाचा मुकुट व बासरी घडविली जाई. बोरन्हाण म्हणजे बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे व हलवा मुलाच्या डोक्यावरून ओतण्याचा सोहळा. गूळ गावच्या गुऱ्हाळात तयार होई, पांढरी साखर मात्र विकत आणावी लागे, त्यामुळे तिळगूळ जितका सर्वांचा होता तितका हलवा नव्हता. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे सहकारी कारखान्यांचे जाळे राज्यभर पसरले. साखर अशी सामान्य घरांच्या आवाक्यात येत असतानाच हलवा घरी करण्याचे कसब मागे पडून तो दुकानातून येऊ लागला, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे.

वाण देण्याला ‘लुटणे’ म्हणतात, आणि मराठीतील हा प्रयोग लक्षणीय आहे, कारण येथे लुटणारी स्त्री घेत नाही, हात मोकळा सोडून देते. मात्र कोणाला द्यायचे, हा प्रश्न या चालीच्या इतिहासात तिच्या गोडव्याइतकाच महत्त्वाचा आहे. हळदीकुंकू सुवासिनींचे, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांचे. विधवेला त्यात स्थान नव्हते, आणि जातीजातींच्या स्त्रिया आपापल्या वर्तुळातच एकमेकींकडे जात. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ या शब्दांचा पल्ला त्या वर्तुळापाशी संपत असे.

ते वर्तुळ मोडण्याचा ठळक प्रयत्न १८५२ च्या जानेवारीत पुण्यात झाला. १८४८ पासून मुलींच्या शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगुळाचा समारंभ योजला, त्याचे अध्यक्षपद कलेक्टरच्या पत्नीकडे होते, आणि निमंत्रणातच असे स्पष्ट केले होते की कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसविले जाईल व हळदीकुंकू आणि तिळगूळ देताना भेद केला जाणार नाही. घरातली चाल तशीच ठेवून केवळ बसण्याची जागा बदलण्यातले हे धैर्य मोठे होते, कारण एका जाजमावर बसणे हीच त्या काळी सर्वांत अवघड गोष्ट होती.

विधवांचा प्रश्न पुढे दीर्घकाळ तसाच राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले.