गोंदियाचा कोसा आणि त्याच्या प्रथिनाची घडण

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मात्र येथील वनप्रदेशातील कोशाचा व्यवसाय त्याहून कितीतरी जुना असल्याने त्याचा इतिहास भंडाऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. कोसा म्हणजे टसर रेशीम. तुतीचा रेशीमकिडा घरात पाळला जातो, तर टसरची अळी ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर उघड्या रानात वाढते, आणि तिची जोपासना येथे मुख्यतः ढिवर समाजातील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पक्षी व मुंग्या यांपासून अळ्यांची दिवसभर राखण करणे आणि एका झाडाचा पाला संपत आला की अळ्या बसलेल्या डहाळ्या छाटून दुसऱ्या झाडावर अडकवणे, हे अत्यंत कष्टाचे काम या व्यवसायाचा खरा आधार होय.

देठासह फांदीला घट्ट जखडलेले टणक कोसफळ सोड्याच्या पाण्यात उकळले, की तंतूंना चिकटवून ठेवणारे सेरिसिन हे प्रथिन सैल होते. तंतूचा गाभा असलेले फायब्रॉइन मात्र त्या पाण्यात टिकून राहते. या भेदावरच सूत काढण्याची सारी कला उभी आहे. याच सुतापासून विदर्भातील कोष्ट्यांनी सुती काठ व कोशाचे अंग असलेली करवतकाठी साडी विणली.

फायब्रॉइन का टिकते, याचा उलगडा प्रथिनाच्या द्वितीयक संरचनेत, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी जागोजागी जी वळणे घेते त्यांत, सापडतो. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी १९५१ मध्ये मळसूत्रासारखी अल्फा व शेजारी-शेजारी ताणलेल्या पदरांची बीटा अशा दोन रचना मांडल्या. या रचना द्रावणात ओळखण्याचे साधन म्हणजे वर्तुळाकार द्विवर्णता: डावीकडे व उजवीकडे फिरणारा ध्रुवित प्रकाश पदार्थ असमान प्रमाणात शोषतो, आणि हा फरक तरंगलांबीनुसार मोजला जातो. एमे कोताँ यांनी १८९५ मध्ये ही घटना प्रथम दाखवली; प्रथिनांसाठी तिचा सर्रास वापर मात्र १९६० च्या दशकात, योग्य उपकरणे मिळू लागल्यावरच झाला. अल्फा रचनेचा आलेख २०८ व २२२ नॅनोमीटरजवळ खाली जातो, बीटाचा २१८ च्या आसपास, तर विस्कळीत साखळीचा १९८ जवळ. या मूळ आलेखांचे कोणते मिश्रण मोजलेल्या आलेखाशी जुळते, हे गणिताने काढून प्रत्येक रचनेची टक्केवारी अंदाजली जाते. ग्रीनफील्ड व फासमन यांनी १९६९ मध्ये पॉलिलायसिनच्या आलेखांवरून हीच रीत घालून दिली. त्याआधी, १९६६ मध्येच, इइझुका व यांग यांनी रेशमाच्या फायब्रॉइनची बीटा रचना द्रावणात वर्तुळाकार द्विवर्णतेने तपासली होती, ही गोष्ट रेशमाच्या इतिहासकाराने विसरू नये.

टसरच्या फायब्रॉइनमध्ये ॲलनिन या अमिनो आम्लाचे सलग लांब पट्टे असतात. अळीच्या ग्रंथीतील द्रवात हे पट्टे बहुतांशी अल्फा रूपात असतात, आणि तंतू ओढला जाताना त्यांचे बीटा पदरांत रूपांतर होऊन ते एकमेकांना घट्ट बिलगतात. तुतीचे रेशीम विरघळवणारे लिथियम ब्रोमाइडचे द्रावण टसरच्या तंतूपुढे निष्प्रभ ठरते ते या घट्ट जुळणीमुळेच. म्हणूनच खरगपूरच्या आयआयटीत मंडल व कुंडू यांनी २००८ मध्ये तयार तंतूऐवजी अळीच्या ग्रंथीतील फायब्रॉइन घेऊन ते साबणासारख्या गुणधर्माच्या द्रव्याने विरघळवून स्थिर ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.