एका पदवीचा इतिहास : दुष्काळ, कायदा आणि जालना

(१)
जालना जिल्ह्यातील एखादी विज्ञान पदवीधर विद्यार्थिनी आज पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करण्याचे ठरवते, तेव्हा ती दोन वर्षांचा, चार सत्रांचा एक अभ्यासक्रम निवडत असते. पाणी, हवा व माती यांचे परीक्षण, परिसंस्था, कायदा, आघात मूल्यांकन आणि शेवटी एक संशोधन प्रकल्प. रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र यांच्यासारखी दीर्घ परंपरा या पदवीला नाही. तिचा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा असून त्यावर विद्यापीठांइतकाच दुष्काळाचा, दुर्घटनेचा आणि न्यायालयाचा ठसा आहे. तो इतिहास क्रमाने पाहू.

(२)
प्रारंभ १९७२ पासून करावा लागेल. त्या वर्षी जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. १४ जून रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तेथे भाषण केले आणि गरिबी व पर्यावरण हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, अशी भूमिका मांडली. त्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. मराठवाड्यातील वृद्ध माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात तो हाच. खडी फोडणे, नालाबांध घालणे, पाझर तलाव खोदणे अशा कामांवर लक्षावधी हात राबले. मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस निघाले. पर्यावरण हा शब्द तेव्हा गावात पोहोचला नव्हता. माती आणि पाणी अडविण्याचे काम मात्र गावानेच केले.

(३)
याच दशकात विषयाला विद्यापीठात स्थान मिळू लागले. १९७४ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरण विज्ञानाचे स्वतंत्र संकुल उभे राहिले. मराठवाड्याचे विद्यापीठ औरंगाबाद येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजीच स्थापन झाले होते. १९९४ मध्ये नामविस्तार झालेल्या त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पुढे पर्यावरणशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आला. जालन्याच्या विद्यार्थ्यांसाठी ही पदवी त्यामुळे मुंबई-पुण्याऐवजी शेजारच्या शहरात आली.

(४)
१९७४ मध्येच संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला. महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता. राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. केंद्रीय कायदा राज्याने १ जून १९८१ पासून स्वीकारला. योगायोग असा, की त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ मे १९८१ रोजी, जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला होता. जिल्हा आणि त्याला लागू होणारा केंद्रीय जलकायदा एकाच उन्हाळ्यातले.

(५)
मंडळाच्या अध्यक्षपदाविषयी या कायद्यातील अट लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. पर्यावरण संरक्षणाविषयी ‘विशेष ज्ञान’ किंवा ‘प्रत्यक्ष अनुभव’ असलेली व्यक्ती, अथवा अशा विषयाच्या संस्था चालविण्याचे ज्ञान व अनुभव असलेली व्यक्ती. ज्ञान किंवा अनुभव, दोहोंपैकी एक पुरेसे मानले गेले. कायदा झाला तेव्हा पर्यावरणशास्त्राचे पदवीधर मिळणार तरी कोठून होते?

(६)
डिसेंबर १९८४ मध्ये, २ आणि ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळ येथे विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या आघातानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आला. त्याखालील नियमांत शासकीय विश्लेषकाची पात्रता लिहिली आहे. नमुना दूषित आहे की नाही, याचा जो अहवाल न्यायालयापुढे पुरावा ठरतो, तो देणारा हा अधिकारी. विज्ञानाच्या पदवीधराला प्रयोगशाळेतील पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. पर्यावरणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधराला दोन वर्षांचा. येथे या पदवीला नियमांत नावानिशी स्थान आहे. ती अनुभवाची तीन वर्षे वाचवते; पण अनुभवाची अट पूर्णपणे माफ करीत नाही. अध्यक्षासाठी ‘किंवा’ पुरेसा होता. विश्लेषकासाठी ‘आणि’ आवश्यक ठरला.

(७)
पदवीधरांची गरज वाढविणारा पुढचा निर्णय न्यायालयाचा. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिले. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाविषयीच्या किमान दोन स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय अनिवार्य व्हावा, असे त्यांत होते. सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यानंतर दोनच दिवसांनी निवृत्त झाले. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला तो २००४ च्या सुमारास. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एराक भरूचा यांनी लिहिले. ते मूळचे शल्यचिकित्सक. अनेक महाविद्यालयांत हा विषय वनस्पतिशास्त्र किंवा भूगोलाच्या प्राध्यापकांकडे सोपविला गेला.

(८)
दरम्यान, २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन बंधनकारक केले. १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. अहवाल लिहिणारे, नमुने तपासणारे, कारखान्याच्या संमतीपत्राची कागदपत्रे तयार करणारे अशी एक नवी रोजगाराची शाखा निर्माण झाली. भंगार वितळवून लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यांच्या जालन्यात हे काम दूर शोधावे लागत नाही.

(९)
आता याच जिल्ह्यातील दुसरी वाट पाहू. जालना तालुक्यातील कडवंची या गावी १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले गेले आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हा ‘प्रत्यक्ष अनुभव’. त्यासाठी गावाने कोणतीही पदवी घेतली नव्हती.

(१०)
मात्र यानंतरचा प्रश्न अनुभवाला एकट्याने सुटणारा नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालून त्यांत विहिरीचे पाणी उपसून साठविले जाऊ लागले. भूजल साऱ्या शिवाराचे. तळ्यात आले की ते एकाच शेतकऱ्याचे, आणि उन्हात त्यातील काही भाग वाफ होऊन जातो. किती उपसा परवडेल, हे सांगण्यासाठी विहिरींची पातळी वर्षानुवर्षे मोजावी लागते, खडकाची जात ओळखावी लागते, पावसाचा हिशेब मांडावा लागतो. हे ‘विशेष ज्ञान’. बांध घालणाऱ्याला मोजणाऱ्याची गरज येथे भासते.

(११)
कायद्यातील ती अट कागदावरच राहिल्याची तक्रार २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गाजली. राज्यांची प्रदूषण मंडळे राजकीय नेमणुकांनी भरली जातात, असा आक्षेप होता. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा आदेश अधिकारकक्षेच्या कारणावरून रद्द केला. परंतु सहा महिन्यांत नेमणुकांचे नियम तयार करण्यास सर्व राज्यांना सांगितले. मूळ कायद्यानंतर ४३ वर्षांनीही ज्ञान आणि अनुभव यांची किमान अट पाळली जावी, यासाठी न्यायालयात जावे लागले.

(१२)
म्हणून या पदवीकडे केवळ नोकरीची पायरी म्हणून पाहणे अपुरे आहे. कायद्याने तिला अधिकार दिला, तो दूषित पाण्याला दूषित म्हणण्याचा. जालन्याच्या विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्पासाठी विषय शोधत परदेशी नियतकालिके चाळण्याची गरज नाही. कुंडलिका नदी शहरातून वाहते, निजामकाळातील घाणेवाडीचा तलाव अजून उभा आहे, बहात्तरच्या दुष्काळात खोदलेले पाझर तलाव गावोगावी आहेत. त्यांतील किती गाळाने भरले आणि किती अजून पाणी मुरवतात, याची एका तालुक्यापुरती नोंद जरी कोणी पूर्ण केली, तरी ज्ञान आणि अनुभव यांच्यामधला तो जुना ‘किंवा’ त्या तालुक्यापुरता पुसला जाईल.