शाळा सोडणं आणि शाळा सुटणं

काका कालेलकरांना ‘काका’ का म्हणतात, हा प्रश्न मी वर्गात हमखास विचारत असे. उत्तर ठरलेलं यायचं, ‘सर, वयानं मोठे होते म्हणून!’ खरं तर हे नाव त्यांना पंचविशीच्या आसपास मिळालं, आणि तेही एका शाळेत. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शाळा म्हणजे एक घर मानत, तेव्हा शिक्षकही घरातलेच. कोणी अण्णा, कोणी मामा. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर झाले काका आणि विठ्ठल लक्ष्मण फडके झाले मामा. शाळा लवकरच बंद पडली, नावं मात्र दोघांना जन्मभर चिकटली.

ही शाळा बंद पडल्यावर निघालेल्या एका पदयात्रेविषयी आज लिहायचं आहे. आणि तिच्यानंतर पाच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका पदयात्रेविषयीही. दोन्हींची माणसं मराठी, दोन्हींचा धागा बडोद्याशी जुळलेला, आणि दोन्हींमध्ये चालणं आणि शिकणं एकमेकांत असं मिसळलेलं, की वेगळं काढता येऊ नये.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देश पेटला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री घरोघर पोचली. पहिले तीन शब्द आपण पाठ केले, चौथ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे सरकारी अनुदान नाही, सरकारची परीक्षा नाही. मातृभाषेतून शिकायचं, हातानं काम करायचं, शरीर कमवायचं आणि आपल्या देशाचा इतिहास आपल्या नजरेनं वाचायचा. आपल्याकडे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय काढलं. ते तळेगावला भरत असे. शेजारीच पैसा फंडाचा काचेचा कारखाना. १९१० साली सरकारनं ते विद्यालय बंद केलं.

बडोदं संस्थान होतं, म्हणून तिथे जरा मोकळीक होती. गंगनाथ विद्यालयामागे होते बॅरिस्टर केशवराव देशपांडे, अरविंद घोषांचे केंब्रिजपासूनचे मित्र. कालेलकर १९०७ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झाले होते, बेळगावात गणेश विद्यालयात शिकवून आले होते, मुंबईत ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम करून आले होते. १९१० मध्ये ते गंगनाथला लागले. पण १९११ च्या दिल्ली दरबारानंतर सयाजीराव महाराजांवर इंग्रजांची नजर आणखी कडक झाली आणि अशा शाळा चालवणं अवघड होऊन बसलं. गंगनाथही बंद झालं.

सव्वीस वर्षांचा शिक्षक. शाळा नाही. सरकारी नोकरी करायची नाही असं ठरवलेलं. घरी बायको आणि जबाबदारी. अशा वेळी १९१२ साली कालेलकर हिमालयात पायी निघाले. बरोबर दोन मित्र होते, स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर.

स्वामी आनंद म्हणजे मूळचे हिंमतलाल दवे, काठेवाडातले. दहाव्या वर्षी एका साधूनं ‘देव दाखवतो’ म्हटलं म्हणून घर सोडून गेलेला हा मुलगा. शाळा म्हणावी अशी फारशी झालीच नाही. साधूंबरोबर हिंडून, रामकृष्ण मिशनमध्ये राहून, टिळकांच्या वर्तुळात वावरून जे मिळालं ते शिक्षण. मराठी मात्र आपल्यासारखी बोलत. म्हणजे तिघांत एक विद्यापीठाचा पदवीधर, एक जवळजवळ शाळेबाहेरचा आणि एक बुवा! या तिघांनी यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बदरीनाथ पायी केलं. तेव्हा मोटाररस्ते नव्हते. वाटेत यात्रेकरूंसाठी चट्ट्या असत. चट्टीवाल्या दुकानदाराकडून कणीक-डाळ घ्यायची, मग तोच भांडी देई आणि रात्रीपुरती जागाही. सकाळी भांडी घासून परत करायची आणि पुढची चाल धरायची.

या प्रवासातून पुढे काय निघालं ते बघा. कालेलकर १९१४ मध्ये शांतिनिकेतनात गेले. तिथेच १९१५ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि पुढे ते साबरमतीच्या आश्रमात शिक्षक झाले. आश्रमातल्या मुलांच्या हस्तलिखितासाठी त्यांनी आपला प्रवास क्रमानं लिहायला घेतला. त्याचं झालं ‘हिमालयनो प्रवास’, गुजराती भाषेतलं एक नावाजलेलं प्रवासवर्णन. साताऱ्यात जन्मलेल्या मराठी माणसानं ते लिहिलं, म्हणून गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की त्यांनी तो प्रवास मुलांना सांगितला. स्वतःपाशी ठेवला नाही. स्वामी आनंद ‘नवजीवन’ छापखान्याचे व्यवस्थापक झाले, आणि गांधीजींनी आत्मकथा लिहावी म्हणून त्यांच्यामागे लागणाऱ्यांत तेच पुढे होते.

आता दुसरी पदयात्रा. विनायक नरहर भावे हा बडोद्यात वाढलेला मुलगा. मित्रांचं विद्यार्थी मंडळ काढलेलं. एक दिवस चुलीपाशी बसून त्यानं आपली प्रमाणपत्रं आगीत घातली. आई विचारती झाली, तर म्हणाला, आता यांचा उपयोग नाही. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला तो सुरतेलाच गाडी बदलून काशीला गेला. बरोबर दोन मित्र, बेडेकर आणि तगारे.

ही गोष्ट सांगताना बेडेकराला आपण विसरतो. काशीला गेल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडला आणि तिथेच गेला. विनोबा आणि तगाऱ्यांनी गंगेकाठी त्याला अग्नी दिला. घर सोडून निघालेली सगळीच मुलं विनोबा होत नाहीत. एखादं परत येतही नाही. इतिहास सांगायचा तर हेही सांगितलंच पाहिजे.

जून १९१६ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमात पोचले. तिथून १९१७ साली त्यांनी एक वर्षाची रजा मागून घेतली. ‘रजा’ हा शब्द लक्षात ठेवा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे ते संस्कृत ग्रंथ शिकले. वाईतही विद्यार्थी मंडळ आणि वाचनालय सुरू केलं, आणि त्याच्या पैशासाठी मुलांनी लोकांची दळणं दळून दिली. मग महाराष्ट्रातून पायी सुमारे ४०० मैल हिंडले. सिंहगड, तोरणा असे शिवकालातले गड पाहिले, गावोगाव गीतेवर बोलले. वर्षभरात काय शिकलो, काय शिकवलं, काय खाल्लं, किती चाललो, याचा सगळा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्रानं कळवला. आणि वर्ष संपलं त्या दिवशी आश्रमात हजर झाले.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण, हीच नई तालीमची योजना. त्या समितीत कालेलकर होते आणि विनोबाही होते. एकाची शाळा बंद पाडली गेली होती, दुसऱ्यानं स्वतः सोडली होती. दोघं पायी हिंडून आले आणि पंचवीसेक वर्षांनी देशातल्या मुलांच्या शाळेचा आराखडा करायला एका समितीत बसले.

हे सगळं आज आठवायचं कारण घरचंच आहे. नात्यातल्या एका मुलानं बारावीनंतर जाहीर केलं, की एक वर्ष कुठेही प्रवेश घेणार नाही, मित्रांबरोबर किल्ले हिंडणार, मग बघू. घरात व्हायचं ते झालं. आई रडली, वडील बोलेनासे झाले, आणि ‘तुम्हीच त्याला डोंगराचं वेड लावलंत’ म्हणून एक-दोन फोन मलाही आले. फोन करणारे हे वाचतील, म्हणून इथे सविस्तरच लिहितो.

डोंगराचं वेड आमच्याकडे लावावं लागत नाही. वणीत राहणारा माणूस सकाळी दार उघडतो तो सप्तशृंगगडाकडे बघूनच. अचला, अहिवंत, मोहनदर, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप अशी सातमाळ्याची ओळ समोर उभी. चैत्रात खानदेशातून माणसं पायी गडावर येतात, त्यांत दहा वर्षांची पोरंही असतात.

वर्गात ‘१६७० साली शिवरायांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि परतताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली’ हे वाक्य मुलं घोकत. त्यांना कांचनाच्या बाजूला नेऊन ती खिंड दाखवली, की प्रश्न सुरू होत. एवढी लूट घेऊन घोडी इथून कशी उतरली? खानाची फौज कुठून आली असेल? महाराज लूट पुढे काढून स्वतः मागे का थांबले? हे प्रश्न कुठल्याही गाईडात नव्हते. एकदा दरेगावच्या बाजूनं अहिवंतावर जाताना वाट चुकेल असं वाटत होतं, तेव्हा नववीत नापास झालेला एक मुलगा पुढे झाला. गुरं घेऊन तो तिथे नेहमी जायचा. कुठल्या टाक्यातलं पाणी प्यायचं, कुठल्या कड्यावर मोहोळ आहे, ढग कुठून आले म्हणजे उतरायला लागायचं, सगळं त्याला ठाऊक. त्या दिवशी पहिल्या नंबरातली मुलं त्याच्या मागे ओळीनं चालत होती. सोमवारी वर्गात तो परत मागच्या बाकावर गेला.

म्हणून मी डोंगराच्या बाजूचा आहे. पण त्या मुलाला मी आणखीही काही सांगितलं. कालेलकर निघाले तेव्हा बी.ए. होते. विनोबांनी प्रमाणपत्रं जाळली, पण जाळायला ती आधी मिळवलेली होती. आमच्या वणी-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की सुरगाणा-पेठकडून कुटुंबंच्या कुटुंबं कामाला येतात आणि मागे कितीतरी मुलांची नावं हजेरीपटावर नुसती उरतात. त्यांनी शाळा सोडलेली नसते, त्यांची शाळा सुटलेली असते. सोडण्यात निवड आहे, सुटण्यात नाही. आपल्या घरातला मुलगा एक वर्ष हिंडू शकतो, कारण त्याचं ताट घरात वाढलेलं आहे. हे त्याला कळलं पाहिजे. त्यानं लाजावं म्हणून नाही, त्या वर्षाची किंमत कळावी म्हणून.

सुटलेल्यांसाठी वाटा काढणारी माणसंही आपल्याकडे झाली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम करत करत विज्ञान शिकली. आपल्या नाशकात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं. शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी त्यांनी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला होता. त्या दारातून शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई पदवीपर्यंत पोचलेले मी आमच्याच तालुक्यात पाहिले.

तर त्या दोन पदयात्रांतून मी त्याच्यासाठी तीन गोष्टी काढल्या. पहिली, सोबत. आणि सोबत आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांची हवी. तिघं इंजिनिअरिंगचे इच्छुक मिळून हिंडले तर तिघं तेच बोलणार. दुसरी, हाताला काम. विनोबांच्या मंडळातल्या मुलांनी दळण दळलं. यानं द्राक्षबागेत एक हंगाम करावा, कुठल्या आश्रमशाळेत संध्याकाळी मुलांना गणित शिकवावं. तिसरी, हिशेब. कोणाला तरी दर महिन्याला लिहून कळवायचं, काय पाहिलं आणि काय कळलं ते. आणि परतीची तारीख आधी ठरवायची.

त्यानं जूनची तारीख दिली आहे. पत्रं मला लिहायची कबूल केली आहेत, कागदावर, हातानं. पहिलं आलं. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, पण धोडपाच्या माचीवरच्या वस्तीत दूध घालणाऱ्या एका घराचा जमाखर्च त्यानं दोन पानं भरून लिहिला आहे. दूध किती, पेंड कितीची, हाती किती उरतात. त्याच्या आईला मी ती पानं वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. पण पत्र घरी घेऊन गेली. वडिलांचं बोलणं अजून सुरू व्हायचं आहे. त्यांनी हे वाचलं असेल, तर त्यांना एवढंच सांगायचं, की दुसरं पत्र तुमच्या नावानं पाठवायला त्याला कळवलं आहे. उत्तर मात्र तुम्हीच लिहा.