डॉ. बॉम्बे वारणेच्या काठी

१९९९ चा डिसेंबर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर वाठारला उतरून तुम्ही कोडोलीची एसटी पकडली आहे. पारगाव मागे पडतं आणि न लागणाऱ्या खिडकीतून मळीचा वास आत घुसतो. गळीत हंगाम ऐन भरात आहे. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेकाठच्या माळावर उभं केलेलं हे सगळं, साखर कारखाना, दूध संघ, वारणा बझार, शाळा-कॉलेजं, तुम्हाला आता इतकं सवयीचं झालंय की तुम्ही मान वर करूनही बघत नाही. तुमचं लक्ष बॅगेत आहे. जर्नलच्या पानांत एक सीडी लपवलीय. पुण्याच्या मित्राने कॉपी करून दिलेली, वर मार्करने नुसतं ‘मिक्स’.

तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. वर्षभरापूर्वीच परिसरातल्या सत्तरेक गावांना संगणकाने जोडायचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प जाहीर झालाय, त्यामुळे उसाच्या पट्टीबद्दल बोलणारे काकासुद्धा मध्येच ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. हॉस्टेलवर तुमच्या रांगेत एकच संगणक आहे, तोही सुटे भाग आणून जोडलेला. त्याच्या मालकाला उद्याचं सबमिशन लिहून द्यायचं कबूल केलं की रात्री तासभर तो तुमचा.

दार लावून घ्या. सीडी आत जाते, ड्राइव्ह घरघरतो, विनॲम्पच्या हिरव्या पट्ट्या उड्या मारू लागतात. गाण्याचं नाव ‘कॅलकटा’, कंसात तीनदा टॅक्सी. अल्बम ‘राइस अँड करी’, साल १९९८, गायक डॉ. बॉम्बे. हा डॉक्टर मुंबईचा नाही आणि डॉक्टरही नाही. तो माल्मोचा जॉनी याकोबसेन, स्वीडिश माणूस. आधी कंट्री संगीत गायचा. आता डोक्याला फेटा गुंडाळून, आपल्या इंग्रजीची नक्कल करत कलकत्त्याचा टॅक्सीवाला झालाय.

पहिल्या दहा सेकंदांत तुम्हाला राग येतो. विसाव्या सेकंदाला पाय हलायला लागतो.

हा पाय का हलतो ते नीट ऐका. या जातीच्या गाण्यात ढोल चारही मात्रांवर सारखा पडतो आणि बेस बरोबर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत येतो. ढोल तुम्हाला खाली दाबतो, बेस वर उचलतो. ध्रुपदाच्या तोंडाशी ढोल क्षणभर गायब होतो, अंग अधांतरी राहतं, आणि तो परत पडतो तेव्हा खुर्चीत बसून राहणं कठीण जातं. हलगी आणि घुमक्याच्या जोडीवर, लेझमीच्या मिरवणुकीत वाढलेल्या कानाला ही उचल नवी नाही. स्वीडनमधल्या यंत्रांनी ती फक्त न थकता वाजवली आहे.

दारावर थाप पडते. तुम्ही आवाज एकदम बारीक करता. कारण या खोल्यांमध्ये कशाला मान आहे ते तुम्हाला ठाऊक आहे: भिंतीवर मेटॅलिका, उशाला पिंक फ्लॉइड, उदास झालं की गुलाम अली. ‘माय सितार’, ‘शेकी स्नेक’, ‘वाघाने माझं कुटुंब नेलं’ असली गाणी ऐकणारा माणूस उद्या मेसमध्ये तोंड दाखवू शकत नाही.

आत येतो तो कोडोलीहून रोज ये-जा करणारा वर्गमित्र. हा शाळेत असताना वारणा बाल वाद्यवृंदात होता. या गावाची ती शान. शेतकऱ्यांची, कामगारांची पोरं रांगेत बसून खरीखुरी वाद्यं वाजवायची. त्याच्यापुढे हे गाणं म्हणजे तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं. तो काही बोलत नाही. पुन्हा लावायला सांगतो. मग टेबलावरचा स्टीलचा पेला उलटा घालतो, दोन बोटांनी ठेका धरतो आणि ध्रुपद शिट्टीवर जसंच्या तसं वाजवून दाखवतो.

“गाणं येडं हाय,” तो म्हणतो, “पण चाल पक्की हाय भावा. एकदा ऐकली की बसली.”

मला वाटतं, या अल्बमवर याहून नेमकं कुणी बोललं नसेल. चाल पक्की असणं ही कारागिरी आहे आणि स्वीडनने ती मन लावून कमावली. आता सात वर्षं मागे या. १९९२ च्या सुमाराचं स्टॉकहोम, तुम्ही डेनिझ पॉप नावाच्या निर्मात्याच्या गाडीत बसला आहात. नायजेरियातून दंतवैद्यक शिकायला आलेल्या डॉ. अल्बानची गाणी त्याने गाजवली आहेत. गोथेनबर्गच्या कुणा पोरांनी पाठवलेली कॅसेट गाडीच्या टेपमध्ये अडकून बसलीय, बाहेरच येत नाही. त्यामुळे जाता-येता तेच एक गाणं. ऐकता ऐकता त्याला त्यात काय दुरुस्त करायचं ते सापडतं, आणि एस ऑफ बेसचं ‘ऑल दॅट शी वॉन्ट्स’ जगभर पोचतं. हा माणूस ऑगस्ट १९९८ मध्ये गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. त्याच मुलखात रेडनेक्सची मंडळी अमेरिकी गावंढळ बनून ‘कॉटन आय जो’ म्हणाली. याकोबसेनही पुढे स्कॉटिश डॉ. मॅकडू झाला, मग मेक्सिकन कार्लितो. दुसऱ्याचे कपडे घालून नाचायची खोड तिथे जुनी आहे, वाट्याला फक्त आपणच आलो नाही.

तरी फेटा खुपतो. खुपायलाच हवा. तो ना कोल्हापुरी, ना पंजाबी, ना कुठल्या टॅक्सीवाल्याचा. अल्बम आला तेव्हा बॉम्बेचं मुंबई होऊन तीन वर्षं झाली होती. या अल्बममधल्या भारतात टॅक्सी, सतार, साप, वाघ आणि रस्साभात एवढंच आहे. उसाचा काटा नाही, दूध संघ नाही, खिडकीशी बसून संगणकावर हेच गाणं ऐकणारा मुलगा तर मुळीच नाही.

परत हॉस्टेलवर या. त्या रात्रीनंतर चार दिवसांनी तुम्ही या गाण्यांची कॅसेट भरता. सबमिशनची दुसरी वही लिहून दिल्याचा मोबदला. संध्याकाळी चहाला बाहेर पडता, तर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. दोन-दोन ट्रॉल्या ऊस, मडगार्डवर झेंडूच्या माळा, सीटच्या मागे लाकडी खोक्यात बसवलेले स्पीकर. काट्यावर नंबर लागेपर्यंत प्रत्येकाचा टेप चालू. एका ड्रायव्हरचं लक्ष तुमच्या हातातल्या कॅसेटकडे जातं.

“नवी हाय का? द्या की जरा.”

तुम्ही देता. खोक्यातले स्पीकर उसाच्या पात्यांना थरथरवतात. ड्रायव्हरला इंग्रजी येत नाही, त्यामुळे नक्कल कुणाची चाललीय हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ठेका मात्र पोचतो. पुढच्या ट्रॅक्टरवरचा गडी वळून बघतो, ट्रॉलीवर बसलेली ऊसतोड्यांची दोन पोरं उसाच्या कांडक्या आपटून ताल धरतात. बंद दाराआड लाजत ऐकलेलं गाणं भर रस्त्यात वाजतंय आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही. तुमची छाती उगाच फुगते.

आता पुढे उडी मारा. २००८, गोथेनबर्ग. कॉलेज संपवून, पुण्यात नोकरी करून कंपनीच्या कामाला तुम्ही इथे आलाय. ऑफिसची पार्टी. कुणीतरी हौसेने तेच गाणं लावतं आणि सगळे हसून तुमच्याकडे बघतात. ठेका तोच आहे, पण पाय जड होतो. इथे शब्द सगळ्यांना कळतात, आणि टॅक्सीवाला कोण ते नजरेतूनच ठरलंय. हॉस्टेलवर लाज आवडीनिवडीची होती, इथे डंख वेगळा आहे, आणि तो गिळून टाकायचं काही कारण नाही.

शेजारच्या सहकाऱ्याला सांगा की असा फेटा कुणी बांधत नाही. मोबाइलवर कोल्हापुरी फेट्याचा फोटो काढून दाखवा, तुरा कुठे येतो, शेमला कुठे सोडतात ते समजावा. तो ओशाळून आवाज कमी करायला जाईल. त्याला थांबवा. गाणं तुम्हाला आवडतं, हेही त्याला कळू द्या. ते पूर्ण वाजू द्या, हवं तर नाचा. ते संपलं की लॅपटॉप आपल्याकडे ओढा आणि आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ लावा. आवाज मोठा ठेवा.