अलाहाबादहून येणारं टपाल

डोंबिवलीला धाकट्या मामाच्या घरी रंगकाम काढलं तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. जुनी पातेली, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे आणि त्यांच्यामागे पत्र्याची ट्रंक. झाकण उघडलं तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले 'रॉक स्ट्रीट जर्नल'चे अंक. पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग उतरले होते. काही अंकांवर टपालाची कागदी पट्टी तशीच होती, मामाचा पत्ता आणि वर पुसट शिक्का. अंकांच्या खाली सुतळीने बांधलेलं एक छोटं पुडकं होतं. त्यावर मामाच्या ठसठशीत अक्षरात अलाहाबादचा पत्ता, पण तिकीट एकही नाही.

"ते राहू दे," मामा खालून म्हणाला. "आधी चहा घे, मग सांगतो."

आमच्या आजोळी गिटारची गोष्ट सांगायची तर थोरल्या मामापासून सुरुवात करावी लागते. तो पुण्यात कॉलेजात होता. 1971 साली मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक संगीताचा मेळा भरला. कार्ले-भाज्याची लेणी बघायला जातो असं घरी सांगून तो पॅसेंजरने मळवलीला उतरला. लेणी काही पाहिली नाहीत. त्या दिवसाबद्दल विचारलं की तो बँडपेक्षा माणसांचंच जास्त सांगायचा. "अरे, मला वाटायचं असलं काही ऐकणारा सबंध पुण्यात मी एकटा. तिथे बघतो तर माझ्यासारखी पोरंच पोरं!" कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनिअर स्टेट्समन' तो रद्दीवाल्याकडून आणायचा. डेस्मंड डॉइग त्याचे संपादक. तरुणांचं साप्ताहिक, आणि त्यात देशातल्या बँडांना जागा मिळे. 1977 साली ते बंद पडलं. तोवर थोरला मामा नोकरीला लागला होता. मळवलीला भेटलेल्यांपैकी एकाचाही पत्ता त्याच्याकडे नव्हता, ही खंत त्याने शेवटपर्यंत बोलून दाखवली.

धाकट्या मामाचं मळवली म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते उघडं प्रेक्षागृह. 1986च्या सुमारास फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा दरवर्षीचा कार्यक्रम सुरू केला आणि डोंबिवली, ठाणे, गिरगावातली पोरं काळे टीशर्ट घालून तिथे जमू लागली. तिथला लाडका बँड म्हणजे 'रॉक मशीन', पुढे 1993 साली त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. त्यात गिटारवर महेश तिनईकर. "ते आडनाव ऐकून काय हुरूप आला होता म्हणून सांगू!" मामा आजही म्हणतो. पण कार्यक्रम संपला की शेवटची लोकल गाठायची आणि पुढच्या वर्षापर्यंत सगळं सामसूम. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी आल्या तर आल्या. बंगळुरात, शिलाँगमध्ये, कोचीत कोण वाजवतंय, हे कळायला मार्गच नव्हता. जो तो आपापल्या गावात एकटा.

मग 1993 साली 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक निघालं. मुंबईतून नाही, दिल्लीतून नाही, अलाहाबादहून! अमित सैगल आणि शीना गामट या जोडप्याने ते काढलं. मामाला हे खरंच वाटेना. संगमाचं, हायकोर्टाचं, हिंदी कवींचं ते शहर, तिथे रॉकचं नियतकालिक कोण काढणार? मला मात्र ते तिथूनच निघावं यात नवल वाटत नाही. मुंबईतल्या माणसाला निदान रंगभवन होतं, काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान होतं. आपल्यासारखा दुसरा कोणी आहे का, हा प्रश्न जिथे काहीच नसतं तिथल्या माणसाला खरा छळतो. आणि पत्ते गोळा करायची निकडही त्यालाच असते.

मामाने मनीऑर्डरने वर्गणी भरली. तेव्हा सामान्यांसाठी इंटरनेट नव्हतं, ते विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला आणलं आणि घराघरांत पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे टपाल हीच वाट. अंक आला की मामा आधी बँडांची आणि गावांची नावं वाचायचा, पेन्सिलीने खुणा करायचा. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस, शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ज्या गावाचं नाव अंकात येई ते मला नकाशात शोधायला लावायचा. शिलाँग मी शाळेत नाही, त्या अंकामुळे शिकलो. आजी म्हणायची, "एवढं पाठ करतोस, डिपार्टमेंटची परीक्षा तरी दे." मामाने परीक्षाही दिली. अंकही सोडले नाहीत.

अंकाचा व्याप वाढत गेला तो कागदाबाहेर. देशातल्या बँडांची स्वतःची गाणी निवडून 'ग्रेट इंडियन रॉक' या नावाने त्यांची संकलनं निघाली आणि 1997 पासून त्याच नावाचा महोत्सव सुरू झाला. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्या काळात कॉलेजच्या महोत्सवांत पोरांना डीप पर्पल आणि आयर्न मेडनची गाणी हुबेहूब हवी असत. स्वतःचं गाणं सुरू केलं की आरडाओरडा व्हायचा, कधीकधी बाटल्याही यायच्या. 'रॉक स्ट्रीट जर्नल'ने मूळ रचनांचा हट्ट धरला आणि तो सोडला नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. दिल्लीचा 'परिक्रमा', मुंबईचा 'पेंटाग्राम' असे बँड पुढे आले, त्या सगळ्या वातावरणाला या हट्टाचं खतपाणी आहे. पुढे नॉर्वेसारख्या देशातले मेटल बँडही या महोत्सवात वाजवून गेले. अमित सैगल यांना तरुण वादक 'पापा रॉक' म्हणू लागले. अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती आली ती 2008 साली, म्हणजे अलाहाबादच्या पहिल्या अंकानंतर पंधरा वर्षांनी.

चहा झाल्यावर मामाने पुडक्याची सुतळी सोडली. आत साठ मिनिटांची कॅसेट. वरचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडलेले, चुकून कोणी पुसू नये म्हणून. लेबलावर तीन गाण्यांची नावं, तिन्ही मामाच्या बँडचीच. बँड चौघांचा, मामा बेसवर. खिडक्यांना गाद्या लावून टू-इन-वनवर एका रविवारी हे ध्वनिमुद्रण केलं होतं. पुडकं बांधून झालं आणि त्याच आठवड्यात ड्रमवाल्याची बदली नागपूरला झाली. "म्हटलं, त्यांनी बोलावलं तर वाजवणार कोण? दुसरा ड्रमवाला मिळाला की पाठवू." तो मिळाला नाही.

5 जानेवारी 2012 ला अमित सैगल गोव्यात समुद्रात बुडून गेले. वय अवघं 46. त्या संध्याकाळी मामाने मला फोन केला आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. कधीही न भेटलेल्या माणसासाठी तो रडला होता. रंगभवन त्याआधीच शांतताक्षेत्राच्या नियमांमुळे गप्प झालं होतं. 2016 साली ऱ्हिदम हाउसही बंद झालं.

कॅसेट आम्ही वाजवून पाहिली. पावसाळ्यांनी फितीवर पांढरी बुरशी धरली होती. पहिलं गाणं जवळजवळ गेलं आहे, दुसरं अर्धं आहे, तिसरं मात्र नीट उतरवून घेता आलं. अंकही मी एकेक करून स्कॅन करतो आहे.

तुमच्या घरी एखाद्या काकाने, मामाने, आत्याने असं काही जपलं असेल, मग तो छापील अंक असो, कार्यक्रमाचं पत्रक असो की घरी भरलेली कॅसेट, तर ते रद्दीत देऊ नका. फीत पेन्सिलीने हलक्या हाताने फिरवून बघा, चिकटली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. वाजवणाऱ्यांची नावं आणि साल त्यांना आत्ताच विचारून लिहून घ्या. आणि हे येत्या पावसाळ्याच्या आत करा.