व्यापारचिन्हांतील प्राणी

व्यापारचिन्हांतील प्राणी म्हणजे मालाची, पेढीची किंवा संस्थेची ओळख पटावी म्हणून तिच्या बोधचिन्हात योजलेली पशुपक्ष्यांची चित्रे. मराठी बाजारात अशा चित्राला ‘छाप’ किंवा ‘मार्का’ म्हणतात आणि पुष्कळदा वस्तूचे नावच चित्रावरून पडते. जाहिरातशास्त्र या चित्रांकडे मालाच्या ‘व्यक्तिमत्त्वा’चे निदर्शक म्हणून पाहते: सिंह म्हणजे सामर्थ्य, हत्ती म्हणजे भारदस्तपणा, घोडा म्हणजे वेग. महाराष्ट्रात मात्र, आणि वऱ्हाडासारख्या शेतीप्रधान मुलखात तर विशेषच, या चित्रांचे पहिले काम निराळे होते. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला हवा तोच माल मागता यावा, हे ते काम. स्वभाव सुचवण्याचे काम त्यावर पुढे चढले.

पूर्वपीठिका

प्राण्याच्या चित्रातून सत्तेची ओळख पटवण्याची प्रथा व्यापारापेक्षा जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळील गाविलगड किल्ल्याच्या दरवाज्यावर दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी, सिंह आणि हत्ती कोरलेले आहेत. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या राज्यातील होता आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने या किल्ल्याची डागडुजी केली. गंडभेरुंडाचा संबंध अभ्यासक त्याच्या या पूर्वेतिहासाशी जोडतात. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही हाच पक्षी आढळतो. प्रचंड हत्तींनाही सहज पकडणारा हा काल्पनिक पक्षी पाहणाऱ्याला काय सांगू इच्छितो, हे कोणी समजावून देण्याची गरज नाही. कर्नाटकाच्या राज्यचिन्हात आणि तेथील राज्य परिवहन महामंडळाच्या चिन्हात तो आजही आहे. गाविलगडावर येणारे पर्यटक मात्र बहुधा त्याच्याकडे न पाहताच आत जातात.

‘बे हाथी’

१८६७ मध्ये मुंबईहून वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. बडनेरा, अकोला या स्थानकांवरून कापूस मुंबईकडे व तेथून इंग्लंडकडे जाऊ लागला आणि विलायती सूत व कापड उलट दिशेने गावोगावच्या बाजारांत पोहोचू लागले. या मालाच्या गठ्ठ्यांवर रंगीत छापील कागद चिकटवलेले असत. त्यांना ‘तिकीट’ म्हणत. त्यांवर देवदेवता, राजेरजवाडे, हत्ती, वाघ, मोर अशी चित्रे असत. कारखानदाराचे नाव इंग्रजीत असे आणि ते विकत घेणाऱ्याच्या उपयोगाचे नव्हते. गिऱ्हाईक चित्र ओळखे व चित्राच्या नावाने माल मागे.

याचा उत्तम पुरावा एका न्यायालयीन निकालात आहे. स्कॉटलंडमधील ऑर युइंग ही पेढी लाल रंगवलेले सूत मुंबईस व एडनला पाठवीत असे. तिच्या तिकिटावर दोन हत्ती होते, त्यामुळे बाजारात ते सूत ‘बे हाथी’ या गुजराती नावाने ओळखले जाई. जॉन्स्टन यांच्या पेढीने याच बाजारांसाठी दोन हत्तींचेच दुसरे तिकीट वापरण्यास सुरुवात केली. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर त्यांतील फरक डोळ्यांना दिसत होते. छापलेली नावेही वेगळी होती. तरीही १८८२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑर युइंगच्या बाजूने निकाल दिला. अखेरचा खरेदीदार इंग्रजी वाचत नाही, तो ‘दोन हत्ती’ एवढेच लक्षात ठेवतो आणि म्हणून त्याची फसगत होऊ शकते, हे त्यामागील मुख्य कारण होते. व्यापारचिन्हांच्या कायद्यात हा खटला आजही शिकवला जातो. मुंबईच्या बाजारातील न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने प्रमाण मानली, हे त्याचे खरे महत्त्व.

स्वतंत्र भारतातही न्यायालयांनी हीच कसोटी कायम ठेवली. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सामान्य बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला आहे.

छाप आणि स्वभाव

प्राण्याचा गुण वस्तूला चिकटवण्याचे जुने युरोपीय उदाहरण म्हणजे फ्रान्समधील पूजो कंपनीचा सिंह. आज तो मोटारींवर दिसतो, परंतु १८५८ मध्ये त्याची नोंदणी झाली तेव्हा कंपनी करवती बनवीत होती. सिंहाच्या दातांसारखे मजबूत दाते, त्याच्या कण्यासारखी लवचीकता आणि त्याच्या झेपेसारखी कापण्याची गती असा तिहेरी अर्थ त्यात अभिप्रेत होता. १९९७ मध्ये जेनिफर आकर यांनी मालाच्या व्यक्तिमत्त्वाचे प्रामाणिकपणा, उत्साह, कार्यक्षमता, अभिजातपणा आणि कणखरपणा असे पाच पैलू मांडले. त्यानंतर अशा निवडींना शास्त्रीय परिभाषा मिळाली.

भारतीय उदाहरणांत मेळ नेहमी इतका सरळ नसतो. डास पळवणाऱ्या वडीवरचे कासव पटते, कारण वडी सावकाश जळत रात्रभर पुरावी हीच अपेक्षा असते. याउलट शाई आणि उंट यांचा संबंध सांगणे अवघड आहे. दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा व्यवसाय सुरू केला. आरंभीच्या शाईची पूड व वड्या ‘हॉर्स’ म्हणजे घोडा छाप होत्या. पुढे फाउंटनपेनच्या शाईसाठी ‘कॅमल’ हे नाव आले आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ यांच्या संयोगातून ‘कॅमलिन’ झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने या उद्योगातील बहुतांश हिस्सा घेतला, तरी रंगपेट्यांवरील उंट कायम राहिला. उंट हा काही वऱ्हाडातील घरचा प्राणी नव्हे. तेथील मुलांच्या पिढ्यांना तो आधी कंपासपेटीवर भेटला. त्याचा त्यांच्या लेखी असलेला ‘स्वभाव’ वाळवंटातून आलेला नसून शाळेतून आलेला आहे. चित्र वस्तूला अर्थ देते तसे वस्तूही चित्राला अर्थ देते, ही बाब रचनाकारांच्या पाठ्यपुस्तकांत सहसा दुर्लक्षित राहते.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) बोधचिन्हातील धनेश तर गुणांसाठी निवडलेलाच नाही. कारवारहून आलेला ‘विल्यम’ नावाचा धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत संस्थेच्या कार्यालयात राहत होता. चिन्हात आहे तो त्याची आठवण म्हणून.

गाय आणि विंचू

संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाचा गाय छाप जर्दा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे. गायीचे चित्र घरगुती, सात्त्विक व विश्वासू वाटते आणि तंबाखूसारख्या घातक पदार्थावर ते असणे हे प्राणिचिन्हांच्या सामर्थ्याचे तितकेच बोलके आणि अस्वस्थ करणारे उदाहरण आहे. प्राण्याविषयीची आस्था मालाकडे वळते. माल त्या आस्थेला पात्र असलाच पाहिजे असे नाही.

मे २००९ पासून भारतात तंबाखूच्या वेष्टनावर सचित्र इशारा सक्तीचा झाला, तेव्हा चघळण्याच्या तंबाखूसाठी विंचवाचे चित्र ठरवण्यात आले. हेतू उघड होता: वाचता न येणाऱ्यालाही धोका कळावा. परंतु ज्या बाजारात पुडीवरचा प्राणी म्हणजे मालाचे नाव, तेथे विंचूही आणखी एक छाप वाटण्याचा संभव होता. चित्र संदिग्ध असल्याची टीका झाली आणि २०११ मध्ये त्याच्या जागी मुखकर्करोगाची छायाचित्रे आली. १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाच्या मुख्य दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा व्यापावा असा नियम लागू आहे.

मतपेटीवरील प्राणी

निवडणूक चिन्ह हे व्यापारचिन्ह नसले तरी त्याचे कार्य तेच आहे. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. काँग्रेसचे चिन्ह जू घेतलेली बैलजोडी हे होते; अमरावती भागातून लोकसभेवर गेलेले पंजाबराव देशमुख याच चिन्हावर निवडून आले आणि पुढे केंद्रीय कृषिमंत्री झाले. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या आणि तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हाती लाकडी बैल देणाऱ्या विदर्भात हे चिन्ह समजावून सांगावे लागले नसावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते.

१९६९ मधील काँग्रेसच्या फुटीनंतर बैलजोडी गोठवली गेली आणि १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळाले. हे धार्मिक चिन्ह असल्याचा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला, पण टिकला नाही. प्रचारात जिवंत प्राण्यांचे हाल होतात अशा तक्रारी वाढल्यावर निवडणूक आयोगाने नव्याने पशुपक्षी देणे थांबवले. गोव्यातील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह आणि बहुजन समाज पक्षाचा हत्ती यांसारखी काही जुनी चिन्हे तेवढी राहिली.

वाघ

महाराष्ट्रात सर्वाधिक ठसलेले प्राणिचिन्ह म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा डरकाळी फोडणारा वाघ. तो पक्षाचे बोधचिन्ह होता. मतपत्रिकेवरचे चिन्ह धनुष्यबाण होते. आक्रमकता, निर्भयता, मुलखावरील हक्क असे अर्थ या वाघाने रूढ केले आणि तालमींच्या व मंडळांच्या फलकांवर तोच वाघ पुनःपुन्हा उमटला.

अमरावती व अकोला जिल्ह्यांत पसरलेल्या मेळघाटात वाघाची ओळख निराळी आहे. १९७३–७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक आहे. तेथील कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात आणि लोक त्याचा उल्लेख ‘कुला मामा’ असा करतात. येथे वाघ हा भीती व आदर या दोहोंनी जोडलेला नातलग आहे. उघड्या जबड्याच्या चित्रात हे नाते मावत नाही. त्यामुळे एखाद्या चिन्हातील वाघ काय सांगतो, याचे उत्तर तो मुंबईत पाहिला जातो की सेमाडोहला, यावरही अवलंबून राहते.

कायदा

भारतात व्यापारचिन्हांची नोंदणी ‘व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९’ (अंमल सप्टेंबर २००३ पासून) अन्वये होते. धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदवता येत नाही. अशोकस्तंभावरील सिंहांचे राजचिन्ह व्यापारासाठी वापरण्यास वेगळ्या कायद्यांनी मनाई आहे. नोंदणी मालाच्या व सेवांच्या एकूण ४५ वर्गांनुसार होते, म्हणून शाईवरचा घोडा आणि शेतीच्या अवजारावरचा घोडा वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात. मात्र चिन्हाची ख्याती मोठी असेल तर तिचे संरक्षण वर्गाबाहेरही पोहोचते.