शाळेच्या दारातली लस

मंगळवार, १२ एप्रिल १९५५. सकाळचे साडेदहा होत आलेत आणि तुम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयच्या बिग बीव्हर रोडवर उभे आहात. सॉमरसेट मॉल नाही, काचेची ऑफिसं नाहीत, आय-७५ नाही. दोन्ही बाजूंना शेतं, बर्फ वितळून झालेला चिखल आणि लांब लांब अंतरावर एकेक घर. ट्रॉयची टाउनशिप जाऊन शहर होण्याचं हेच वर्ष.

त्यातल्या एका घरात शिरा. तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा संकोच करू नका. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्यानं लावलाय आणि एक आई ओले हात तसेच ठेवून त्याच्यापाशी उभी आहे. तिची धाकटी पहिलीत आहे. एप्रिल सुरू झाला की या बाईला धडकी भरते, कारण पोलिओ उन्हाळ्यात येतो. पोहण्याचे तलाव बंद होतात, सिनेमाला जायचं नाही, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं नाही. तीन वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये, देशात जवळपास ५८,००० जणांना पोलिओ झाला आणि ३,००० हून अधिक दगावले. लोखंडी नळकांड्यात मानेपर्यंत झोपवलेली, यंत्राच्या जोरावर श्वास घेणारी मुलं तिनं फोटोंत पाहिली आहेत. शाळा लांबणीवर पडणंही या पिढीला नवं नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोनं पोलिओमुळे शाळा उघडल्याच नव्हत्या. तीन लाखांवर मुलांना शिक्षक रेडिओवरून धडे देत होते आणि कुठल्या तासाला कुठलं स्टेशन लावायचं ते वर्तमानपत्रात छापून येत होतं.

आता रेडिओवरचा आवाज घाईत बोलतोय. इथून तासाभराच्या अंतरावर, अॅन आर्बरच्या रॅकहॅम सभागृहात, मिशिगन विद्यापीठाचे डॉ. थॉमस फ्रान्सिस अहवाल वाचत आहेत. जोनास सॉल्क यांची लस सुरक्षित आहे. लकवा आणणाऱ्या पोलिओपासून ती ८० ते ९० टक्के संरक्षण देते. कुठल्याशा चर्चची घंटा वाजायला लागते. बाई खुर्चीत बसते आणि रडते. तुम्ही तिच्याकडे बघत राहता, कारण लसीची बातमी ऐकून असं रडणारं माणूस तुम्ही तुमच्या काळात क्वचितच पाहिलंय.

तिचा हा विश्वास भाबडा नाही. या लसीच्या चाचणीत १८ लाख शाळकरी मुलं होती. नाव घालायचं तर पालकांना सही करून तशी विनंती करावी लागे. चाचणीचा पैसा ‘मार्च ऑफ डाइम्स’ या मोहिमेतून आला होता, दहा-दहा सेंटची नाणी गोळा करून. या बाईनंही थंडीत दारोदार फिरून ती नाणी जमवली आहेत. लस तिच्या लेखी सरकारची नाही आणि कंपनीचीही नाही. ती काही अंशी तिची स्वतःची आहे.

तीन आठवडे पुढे सरका. त्याच स्वयंपाकघरात आता वर्तमानपत्र उलटं ठेवलंय, मुलींच्या नजरेला पडू नये म्हणून. कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजच्या काही तुकड्यांमध्ये विषाणू पूर्ण मेलाच नव्हता. त्या लसीमुळे सुमारे २०० जण लुळे झाले, १० दगावले. ७ मे रोजी सर्जन जनरलनी अख्ख्या देशातलं लसीकरण थांबवलं. बाईच्या मुलीला पहिला डोस शाळेतच मिळालाय. तो डेट्रॉईट नदीच्या काठावरच्या पार्क-डेव्हिसचा होता, कटरचा नव्हे, असं डॉक्टर सांगतात. तरी ती रोज रात्री झोपलेल्या मुलीचे पाय हलवून बघते.

इथे विश्वास कायमचा तुटू शकला असता. तुटला नाही, कारण चूक लपवली गेली नाही. कुणाच्या लसीत, कुठल्या तुकड्यांत, किती मुलांना, हे छापून आलं. कारखान्यांच्या तपासण्या कडक झाल्या, पार्क-डेव्हिसची लस पुन्हा सुटली, आणि बाईनं मुलीला दुसऱ्या डोसला नेलं, धास्तावलेल्या मनानं, पण नेलं. १९५७ पर्यंत देशातले रुग्ण साडेपाच हजारांच्या आसपास आले.

१९५५ च्याही तेवीस वर्षं मागे जाऊन येऊ, फार लांब नाही, याच राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सपर्यंत. १९३२ चा हिवाळा, मंदीचा कडेलोट. दिवसभराची नोकरी आटोपून पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी जीवाणूशास्त्रज्ञ अंधारात घराबाहेर पडतात. डांग्या खोकल्याचं मूल ज्या घरात असेल तिथे जायचं, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्याच्या तोंडासमोर काचेची बशी धरायची आणि खोकल्याबरोबर उडालेले जंतू तिच्यावर घ्यायचे. तुम्ही त्यांच्या मागून एका खोलीत जाता. बाप बेकार आहे, मूल खोकून खोकून निळं पडलंय, आणि एल्डरिंग त्या बापाचं सगळं बोलणं ऐकून घेतेय. पुढे लस तयार झाल्यावर चाचणीसाठी याच वस्त्यांतली घरं दारं उघडून उभी होती. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस केंड्रिकनंच पुढे बसवली. आपल्याकडची त्रिगुणी लस तिच्याच वंशातली. लस-विश्वास या विषयावर हल्ली जे काही लिहिलं जातं, त्या सगळ्यापेक्षा मला ही दिव्याच्या उजेडातली घरभेट जास्त मोलाची वाटते.

आता तुमच्या काळात या. १२ मार्च २०२०, गुरुवार, रात्री उशिरा फोन वाजतो: कोविडमुळे सोमवारपासून मिशिगनच्या शाळा बंद. आधी म्हणे ५ एप्रिलपर्यंत. मग २ एप्रिलला कळतं की वर्ष संपेपर्यंत. पुढचं तुम्हाला पाठ आहे. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, म्यूट केलेली मुलं, गॅरेजमध्ये मीटिंग घेणारा बाप. त्यावर वेळ घालवत नाही.

थांबायचं आहे ते १३ मे २०२१ वर. गुरुवार. उद्या अक्षय्य तृतीया.

महिन्याभरापूर्वी मिशिगन देशात सर्वांत वाईट स्थितीत होतं. डेक्विंडर रोडवरचं बोमाँट हॉस्पिटल ओलांडताना तुम्ही आपोआप गाडीचा वेग कमी करत होता. ९ एप्रिलला गव्हर्नर व्हिटमर यांनी हायस्कूलचे प्रत्यक्ष वर्ग दोन आठवडे थांबवण्याचं आवाहन केलं. तुमचे लसीचे दोन्ही डोस डेट्रॉईटच्या फोर्ड फील्डवर झाले, जिथे एरवी लायन्स फुटबॉल खेळतात. आणि कालच सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनं १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी फायझरच्या लसीची शिफारस केली. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. संध्याकाळी फार्मसीत त्यानं बाही वर केली, डोळे मिटले, आणि बाहेर येऊन पहिलं वाक्य बोलला, “बाबा, आता सप्टेंबरमध्ये बँडला जाता येईल ना?” या लसीचे पहिले ट्रक याच राज्यातल्या पोर्टेजच्या कारखान्यातून आदल्या डिसेंबरात निघाले होते.

घरी येता आणि साताऱ्याला फोन लावता. तिथे सकाळ झालीय. महाराष्ट्रात याच आठवड्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलंय. उरलेल्या कुप्या पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वळवल्यात. तुमची ताई एकेचाळीस वर्षांची. कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर रात्र रात्र बसून तिनं मिळवलेली वेळ रद्द झाली. आईचा दुसरा डोस या आठवड्यात ठरला होता, पण कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर सहा ते आठ आठवड्यांवरून बारा ते सोळा आठवडे केल्याची घोषणा झाली.

“लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली का रे?” आई विचारते. “नाही आई, अंतर जास्त ठेवलं तर उपयोग जास्त होतो, इंग्लंडमध्ये दिसलंय तसं.” “मग आधीच का नाही ठेवलं?” तुमच्याकडे उत्तर नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, अंतर वाढवणं शास्त्राला धरून आणि तुटवडाही खरा. पण तसं स्पष्ट कुणी तिला सांगितलेलं नाही. ही बाई लस नाकारणाऱ्यांतली नव्हे. तिच्या दंडावर देवीचा व्रण आहे, नातवंडांना बोटाला धरून तिनं पल्स पोलिओच्या बूथवर नेलंय, शाईची करंगळी गल्लीभर मिरवून आणलीय. तिला फक्त कारण हवं होतं.

आणि त्याच दिवशी सीडीसी सांगते की दोन्ही डोस झालेल्यांना बहुतेक ठिकाणी मास्कची गरज नाही. जुलैच्या २७ तारखेला तीच सीडीसी म्हणते की संसर्ग जास्त असेल तिथे पुन्हा घाला. मधल्या काळात विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला होता, कारण पक्कं होतं. पण ते कारण लोकांपर्यंत पोचण्याआधी आदेश पोचला.

म्हणून ऑगस्ट पाहायलाच हवा. २४ ऑगस्ट २०२१ ला, ट्रॉय ज्यात येतं त्या ओकलंड काउंटीच्या आरोग्य विभागानं शाळांमध्ये मास्क सक्तीचा आदेश काढला. बाराच्या आतल्या मुलांना लसच नव्हती, आणि शाळा तर उघडायच्याच होत्या. काउंटीतल्या एका स्कूल बोर्डाच्या सभेत तुम्ही मागच्या रांगेत बसलाय. माईकसमोर प्रत्येकाला मोजकी मिनिटं. फलक घेऊन आलेले लोक आहेत, ओरडणारे आहेत, त्यांच्यात अडकू नका. तिसऱ्या क्रमांकावर येणाऱ्या बाईचं ऐका. तिच्या मुलाला कमी ऐकू येतं, तो ओठ वाचून शिकतो. गेलं वर्ष पडद्यासमोर वाया गेलं, आता वर्गातली शिक्षिका मास्क लावून बोलणार. पुढचा बाप म्हणतो की त्याच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता, उपचार अजून चालू आहेत, बाकीच्यांनी मास्क घातला तरच तिला वर्गात बसता येईल. दोघंही खरं बोलतायत. सभा मात्र त्या दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही. दोघांनी बोर्डाकडे तोंड करून बोलायचं, घंटा वाजली की बसायचं.

पार्किंगमध्ये तुम्हाला एक ओळखीचे गृहस्थ भेटतात, गणेशोत्सवात ढोल वाजवणारे. मुलांना सगळ्या लशी वेळेवर दिलेले. “ही जरा थांबून देऊ म्हणतोय. मुलग्यांच्या हृदयाला सूज येते म्हणे.” ही भीती व्हॉट्सअॅपवर जन्मलेली नाही. जूनमध्ये सीडीसीच्या तज्ज्ञांनी स्वतःच ते जाहीर केलं होतं: तरुण मुलग्यांमध्ये, बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर, क्वचित, आणि बहुतेक जण लवकर बरे होतात. आजारापेक्षा लसीत धोका कमी आहे, हेही आकडे मांडून सांगितलं होतं. माझ्या मते त्या वर्षातलं हे सर्वांत प्रामाणिक सांगणं. पण ते तज्ज्ञांच्या बैठकीतच राहिलं, या गृहस्थांपर्यंत फक्त सूज पोचली. तुम्ही गाडीच्या बॉनेटवर हात टेकून त्यांना उरलेलं सांगता. अर्धा तास जातो. ते पटलं असं म्हणत नाहीत. बालरोगतज्ज्ञांना विचारतो म्हणतात.

२ नोव्हेंबरला पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचीही लस आली, नारिंगी झाकणाची कुपी, मोठ्यांच्या एकतृतीयांश मात्रा. धाकटीला तुम्ही पहिल्याच आठवड्यात नेलं. रांग असेल म्हणून पुस्तक घेतलं होतं. ते उघडावं लागलं नाही. २०२२ च्या वसंतापर्यंत देशातल्या त्या वयाच्या निम्म्याहून बऱ्याच कमी मुलांनी ती घेतली. या वयात आजार बहुधा सौम्य होता, हे एक कारण. पण १९५५ ची ती आई दुसऱ्या डोसला परत आली आणि २०२१ चे अनेक पालक पहिल्यालाही आले नाहीत, यातला फरक नुसत्या आजाराच्या तीव्रतेचा नाही. तिला सहा वर्षांच्या मुलीच्या वतीनं कुणीतरी काही विचारलं होतं. यांना फक्त कळवलं गेलं.

शेवटचा मुक्काम २०२५ चा, याच काउंटीतलं साउथफील्ड. काउंटीच्या आरोग्य केंद्राचा वेटिंग हॉल. यंदा टेक्ससमध्ये गोवरानं शाळकरी मुलं गेली, आणि मिशिगनचा या वर्षातला पहिला रुग्ण मार्चमध्ये याच ओकलंड काउंटीत सापडला. २०१५ पासून मिशिगनमध्ये एक नियम आहे: वैद्यकीय कारण नसताना मुलाला लस द्यायची नसेल, तर पालकांनी काउंटीच्या नर्सशी समोरासमोर बोलायचं आणि मगच सूट मागायची. नकाराचा हक्क शाबूत, पण संभाषण टळत नाही. पहिल्याच वर्षी अशा सवलती बऱ्याच घटल्या. नंतर पुन्हा वाढू लागल्या. आत एका खोलीत आत्ता तेच चाललंय, दाराआडून एक शांत, न थकणारा आवाज येतोय.

तुमच्या शेजारी नागपूरहून सहा आठवड्यांपूर्वी आलेलं जोडपं आहे. मुलगा पाच वर्षांचा, किंडरगार्टनला घालायचाय. आईच्या हातात घडी पडलेलं लसीकरण कार्ड. तुमचं मराठी ऐकून ती वळते.

“दादा, गोवराची याला नऊ महिन्यांना दिलीय, परत दीड वर्षाला दिलीय. हे म्हणतात अजून पाहिजे. डबल डबल कशाला?”

तुम्ही कार्ड हातात घेता. नऊ महिन्यांचा डोस इथे धरत नाहीत, सांगता. वर्षाच्या आत आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या रक्तात असतं, त्यानं लस नीट रुजत नाही. आपल्याकडे तान्ह्यांनाही गोवर गाठायचा म्हणून लवकर देतात, ते आपल्या जागी बरोबरच आहे. आणि सरकारी दवाखान्यातली लस गोवर-रुबेलाची. इथे शाळेला गालगुंडाचीही लागते.

“म्हणजे आमचं चुकलं नाही.”

“अजिबात नाही.”

“ताप येईल का याला?”

“येऊ शकतो, तोही लगेच नाही, आठवडा-दीड आठवड्यानं. पुरळही उठतं कधी कधी. तेव्हा लसीशी संबंध लक्षात येत नाही आणि माणूस घाबरतं.”

नवरा फोन काढतो. “तुमचा नंबर देता का? तेव्हा लागला तर फोन करू.”

तुम्ही नंबर सांगता, आणि रात्रीही करा म्हणता.